जिन्यालगतची भिंत

३ मार्च

मामा,

फोनवर आपलं बोलणं भांडणात संपतं, म्हणून लिहून पाठवते आहे. काय झालं ते क्रमाने:

१. शनिवारी मी आईकडे आले. तळघरात उतरताना जिन्याच्या भिंतीकडचा कठडा सुटून माझ्या हातात आला. आई म्हणाली, "तो धरायचा नाही, त्याच्यावर नुसता हात ठेवायचा. महिनाभर मी तसंच करतेय."

२. ओळंबा लावून पाहिला. मागची भिंत जिन्याच्या मधोमध, वरच्या कडेला, एकतीस मिलिमीटर आत आली आहे. खोलीच्या दोन्ही कोपऱ्यांत ती सरळ आहे.

३. जिप्सम बोर्डाचा एक चौकोन आणि त्यामागचा थर्मोकोल कापला. आतल्या काँक्रीटला उभा तडा आहे. वर नाणं जाईल एवढा, खाली केसासारखा. थर्मोकोल आणि बोर्ड यांच्या आड असल्यामुळे तो आजवर कोणाला दिसला नाही.

४. मंजूर नकाशात जिना तळघराच्या मध्यावर आणि दोन वळणांचा आहे. प्रत्यक्षात तो मागच्या भिंतीला लागून, एका रेषेत सरळ आहे. त्यासाठी वरच्या मजल्याच्या जमिनीत भिंतीलगत अकरा फूट लांबीची मोकळी जागा ठेवली आहे.

५. त्या अकरा फुटांत भिंतीचा माथा धरायला काहीही नाही. बाहेरून सात फूट माती टेकलेली आहे. गेल्या महिन्याच्या अवकाळी पावसाने ती भिजून जड झाली आहे.

६. आईला तळघरात जायची मनाई केली आहे. तिची प्रेस, कटर, कापडाचे गुंडाळे, सगळं खाली आहे. पुस्तकबांधणी थांबली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

घराचे परवानाधारक कंत्राटदार तुम्ही आहात आणि नकाशावर सही माझी आहे. म्हणून तीन प्रश्न. जिना कधी हलवला? कोणाला विचारून? का? तीन ओळींत उत्तर चालेल.

भाची


९ मार्च

मोजपट्टी,

तुझा अहवाल मिळाला. आधी वाटलं नोटीस आली, म्हणून उभ्यानेच वाचला. मग चष्मा पुसून, बसून वाचला. वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझी' नाही, मधे सहा कलमं. आणि हे 'तुम्ही' कुठून आलं? माझ्या खांद्यावर बसून माझ्याच कानात पेन्सिल घालायचीस तेव्हा 'ए मामा' चालत होतं.

थर्मोकोलची भिंत तू निवडलीस. कागदाला ओल लागायला नको, थंडीत गोंद आळायला नको. ताईला मी तेव्हाच म्हटलं होतं, "तुझी लेक तुला बर्फाच्या पेटीत ठेवणार बघ." पण बांधली तुझ्या नकाशाबरहुकूम. थर्मोकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचले, आत गज उभे केले, काँक्रीट थराथराने ओतलं. एक ठोकळा फुगला नाही की तिरका गेला नाही. दिसायला अकरा इंच, आत काँक्रीट सहाच इंच, हेही मला ठाऊक आहे, ते शिकवायला बसू नकोस. पण सहा इंच काँक्रीट म्हणजे काही पुठ्ठा नव्हे. आणि माती मी वरचा मजला बसल्यावरच भरली, तू बजावलं होतंस तशी.

इतकी वर्षं दगडी पाये बांधले. एकाही भिंतीचं डोकं वरून धरून ठेवायची वेळ आली नाही. भिंत आपल्या वजनावर उभी राहते. जिला धरून ठेवावं लागतं तिला भिंत कशाला म्हणायचं, पडदा म्हण.

बोर्ड फुगतो. थर्मोकोल दबतो. तडा प्रत्येक काँक्रीटला जातो. तू ओळंबा बोर्डावर धरला होतास की काँक्रीटवर?

आता तुझे प्रश्न. मजल्याच्या तुळया बसल्यावर हलवला. कोणाला विचारलं नाही. का, तर सरळ जिन्याला लाकूड कमी लागतं आणि सुतार लवकर मोकळा होतो. झालं समाधान?

ताईला यात ओढू नकोस. तिला काही विचारायचं नाही. तिला यातलं काही कळत नाही.

मामा


१३ मार्च

मामा,

ओळंबा काँक्रीटवर धरला होता. बोर्ड आणि थर्मोकोल कापून.

दगडी पाया दोन फूट जाड असायचा. मातीचा जोर तो आपल्या वजनाने झेलायचा, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ही भिंत तशी नाही. खाली तळघराच्या जमिनीचा थर तिचे पाय धरतो, वर मजल्याच्या तुळया तिचा माथा धरतात, आणि मधल्या उंचीत ती मातीला तोंड देते. दोन्ही टोकं धरलेली आहेत म्हणूनच सहा इंच पुरतात. माथा सोडला की तीच भिंत दुबळी होते. काम तुम्ही चांगलं केलंत म्हणून ती अजून उभी आहे. चांगल्या कामाने मातीचा जोर कमी होत नाही.

नियमात हे स्पष्ट आहे. गज घातलेल्या भिंतीलगत मजल्यात सहा फुटांपर्यंत मोकळी जागा चालते. त्याहून लांब असेल तर तेवढी भिंत आधार नसलेली धरायची. आपली अकरा फूट आहे.

करायचं ते असं. आधी आतून टेकू द्या. मग बाहेरची माती हाताने उकरून काढा; यंत्र भिंतीजवळ आणू नका. जिना काढा. कापलेल्या तुळयांना जोड देऊन त्या पुन्हा भिंतीपर्यंत न्या आणि माथ्याला बोल्टने बांधा. त्यानंतरच माती परत भरा. उतरायला नकाशातल्या जागी जिना करता येईल.

तपासणी कार्यालयाला मी काल लेखी कळवलं. सही माझी आहे, गप्प बसणं मला शक्य नव्हतं. त्यांचा माणूस काम पाहायला येईल.

एक गोष्ट कामाबाहेरची. लोकांची घरं बांधताना माझा भाऊ लाकडाला हात आखडत नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. सख्ख्या बहिणीच्या घरात मात्र तुम्ही ते वाचवलंत. तिला मी हे सांगितलेलं नाही.

भाची


३० मार्च

इंजिनिअर बाईंस,

आपल्या १३ तारखेच्या पत्रानुसार काम पूर्ण केले असून टेकू, माती, तुळया व बोल्ट आपण सांगितलेल्या क्रमानेच झाले आहेत, ही विनंती. 'विनंती' इथे बसत नाही बहुतेक. एवढं औपचारिक मला जमतं का ते बघत होतो. हात दुखला.

बोर्ड सगळा उतरवला तेव्हा तडा पाहिला. तू म्हणालीस तसाच आहे. पडदा म्हणालो होतो ना मी या भिंतीला.

माती काढल्यावर जॅक लावून भिंत मागे ढकलली. तुझ्या एकतीसचे बावीस मिलिमीटर झाले. पुढे सरकेना. मी जोर केला नाही.

कार्यालयाचा माणूस आला होता. तुझ्याच वयाचा. बोल्ट मोजले, ठोकून बघितले, म्हणाला, "काका, हे आधी केलं असतंत तर." मी म्हटलं, "हो." परवाना त्याच्या हातात दिला. त्याने मागितला नव्हता. घ्यायचा की नाही हे त्याला कळेना, बिचारा फायलीत ठेवून गेला.

मधल्या जागी जिना केला नाही. तो करून उपयोग नाही. मागच्या खोलीच्या जमिनीत झाकण ठेवलंय आणि खाली लोखंडी शिडी लावलीय. ज्याला जमेल तो उतरेल.

जुना जिना फोडला नाही. पायऱ्या सुट्या करून माझ्या शेडमध्ये रचल्यात, वर ताडपत्री टाकलीय. तासायला वेळ गेला होता, जाळायला मन होईना.

मधे एकदा मनात आलं होतं, तुला विचारावं, जिना तिथेच ठेवून काही करता येतं का. मग म्हटलं, दुसरा मार्ग असता तर तू लिहिलाच असतास. लहानपणापासून तू अर्धं उत्तर कधी दिलं नाहीस.

मामा


२१ एप्रिल

बाळा,

तू विचारलंस, वाचनालयाची पुस्तकं कुठवर आली. परत पाठवली. शिवून ठेवलेली तेवढी नीट गुंडाळून पाठवली, म्हणजे पुढच्या बांधणाऱ्याला शिव्या द्यायला जागा नको. ग्रंथपाल दारात उभी राहून म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, "बघू." दोघींनाही ठाऊक होतं.

तशी मी रिकामी नाही. जेवणाच्या टेबलावर शिवते. पण दाबायला प्रेस लागते, आणि प्रेस खाली, मी वर. इस्त्री आणि चार विटा ठेवून दाबून पाहिलं. पुस्तकाचा कणा वाकडा बसतो. कोणी काही म्हणत नाही, पण पुस्तक उभं केलं की ते मान तिरकी करून माझ्याकडे बघतं.

शिडीवरून का जात नाहीस, हे तू फोनवर दोनदा विचारलंस आणि मी विषय बदलला. आता लिहूनच टाकते. समोर बसून सांगायला मला जमणार नाही, आणि तू मधेच 'किती दिवसांपासून' म्हणून उलटतपासणी घेशील.

माझे दोन्ही गुडघे गेलेत. घर बांधायच्या आधीपासून.

तुझ्या नकाशातला वळणाचा जिना तुझ्या मामाने आधी उभा केला होता. नुसता सांगाडा. मला म्हणाला, "ये ताई, उद्घाटन कर." उतरले. येताना दुसऱ्या वळणावर गुडघा जो अडकला, तो वरही जाईना आणि खालीही. तिथे पायरी एका बाजूला निमुळती होते ना, तिथेच. शेवटी त्याने मला पाठुंगळी घेतलं. त्याचं वय काय, माझं वजन काय. वर आल्यावर दोघंही हसून हसून खाली बसलो, आणि मग मला रडू आलं. प्रेस खाली उतरवून झाली होती.

त्याने दुसऱ्या दिवशी तो सांगाडा काढला. सरळ जिना करायचा तर भिंतीलगतच जागा होती. उंची कमी, पाय पूर्ण मावेल अशी रुंद पायरी, दोन्हीकडे धरायला. एकेक पायरी बसवली की मला बोलवायचा. "चढ. दुखलं? खरं सांग." दुखलं म्हटलं की पुन्हा काढून तासायचा. सुतार वैतागला, म्हणाला, एवढ्या लाकडात दोन जिने झाले असते.

तुला सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली होती. तुझ्या बाबांच्या आजारपणात तू पहिली नोकरी सोडून आलीस. एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीस, पण मला दिसत होतं. माझ्या गुडघ्यांसाठी दुसरी सोडशील, ही भीती. भिंतीचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही, हे खरं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. विचारलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं.

तू त्याला काय लिहिलंस ते मला माहीत नाही. त्याने पत्र दाखवलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "पोरगी बरोबर आहे, ताई. भिंत आत आली होती."

तो दर रविवारी यायचा, आता येत नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलीबरोबर तेलाची बाटली पाठवली. प्रेसच्या स्क्रूला लावायला. ती मुलगी शिडीवरून उतरली, लावून आली.

तू काही करू नकोस. घर उभं आहे. मी कळवलं एवढंच.

आई


२६ एप्रिल

प्रिय मामा,

आईचं पत्र आलं. तिने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस. शपथ तिची होती, तिनेच मोडली.

तू लिहिलं होतंस, दुसरा मार्ग असता तर मी लिहिलाच असता. मार्ग होता. नियमाचं ते वाक्य दोन भागांचं आहे. सहा फुटांहून लांब जागा असेल तर भिंत आधार नसलेली धरायची, हा पहिला भाग. तेवढी जागा हवीच असेल तर भिंतीला वेगळी मजबुती देऊन ती ठेवता येते, हा दुसरा. मी तुला पहिलाच लिहिला. १३ मार्चला दुसरा मला माहीत होता. जिना लाकूड वाचवायला हलवला असं तू म्हणालास, आणि मला वाटलं, तसल्या जिन्यासाठी पोलाद कशाला खर्ची घालायचं. तुझं ते उत्तर मी तपासलं नाही. त्या वेळी ते मला पटायला सोपं होतं.

मी त्या घरात चार दिवस होते. भिंत मोजली, तडा मोजला. आई जिना कशी उतरते, हे एकदा मागे उभं राहून पाहिलं असतं तरी पुरे होतं. दोन वळणांचा जिना नकाशात मीच आखला होता. जागा वाचावी म्हणून.

लाकडाबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. ते परत घेते. वाचून झालेलं परत घेता येत नाही, हे मला कळतं.

आता काम. भिंतीच्या माथ्याशी, त्या अकरा फुटांत, एक पोलादी तुळई आडवी निजवायची. दोन्ही टोकं मजल्याच्या जमिनीला बांधायची. मातीचा जोर ती मधे झेलेल आणि दोन टोकांना, म्हणजे मजल्याला, देईल. मग तू जोडलेल्या तुळया पुन्हा कापून जागा मोकळी करता येईल. जिना भिंतीपासून चार इंच आत येईल, एवढाच फरक. गणित या वेळी ऑफिसातल्या दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घेतलं. नकाशा सोबत आहे. कार्यालयानेही तो पाहिला आहे.

तडा भरता येईल. भिंत सरळ होणार नाही. ते बावीस मिलिमीटर राहतील, आणि नव्या बोर्डामागे कोणाला दिसणार नाहीत. वाचनालयाचं काम यंदा परत येणार नाही. मी ग्रंथपालबाईंना फोन केला होता.

तुझा परवाना रद्द झालेला नाही. त्या तरुण माणसाने तो फायलीतून काढून आपल्या खणात ठेवला आहे. जिना का हलवला होता ते मी कार्यालयाला लिहून दिलं. त्याने चूक बरोबर ठरत नाही, पण मी आधी पाठवलेला कागद अपुरा होता. परवाना परत आणायचा की नाही, ते तू ठरव.

१५ मेपासून मी दोन आठवड्यांची रजा घेतली आहे. नोकरी सोडलेली नाही, एवढं आईला आधीच सांगून टाक.

पोलाद बसवणारा मिळाला आहे. त्या पायऱ्या मात्र त्याला बसवता येणार नाहीत. कुठली कितीदा तासली आणि कुठे थांबलास, हे तुलाच माहीत. आणि आईने त्यातल्या प्रत्येकीवर तुझ्यादेखत पाय ठेवून पाहिला आहे. दुसऱ्या कोणाच्या जिन्यावरून ती उतरणार नाही. तू नाही म्हणालास तर प्रेस वर आणावी लागेल, आणि त्या वजनासाठी मजल्याला खालून खांब द्यावे लागतील. तोही नकाशा करून ठेवला आहे. तुला अडचणीत टाकायला नाही. आई दोन्हीकडून अडकायला नको म्हणून.

पोलादाची मागणी ८ तारखेला नोंदवायची आहे. पायऱ्या तू बसवशील का, ते ७ मेपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल.

तुझी
मोजपट्टी